चिनी अक्षरं वाचताना मेंदू काय करतो, आणि हात काय करतो

पुण्यात दोन वर्षं मँडरिन शिकलेला एक तरुण इंजिनिअर तैवानमधल्या सिंचूला नोकरीसाठी निघाला आहे. तो शिकला ती चीनमधली सरलीकृत, म्हणजे रेघा कमी केलेली अक्षरं, पिनयिनच्या म्हणजे रोमन उच्चारलेखनाच्या आधारानं. तिकडे पाट्या, मेल, मेनूकार्ड सगळं पारंपरिक अक्षरांत, आणि उच्चारासाठी बोपोमोफो नावाची वेगळीच चिन्हं. त्यानं मला तीन गोष्टी विचारल्या. चिनी चित्रलिपी उजव्या मेंदूनं वाचतात हे खरं का? सरलीकृत आणि पारंपरिक लिपींचा मेंदूवर पडणारा भार वेगळा असतो का? आणि आपल्याला आता पुन्हा पहिलीत बसावं लागणार का?

वाचन आणि मेंदू या विषयात मी वीसेक वर्षं काम करते आहे. त्यातली सहा हाँगकाँगमध्ये गेली, पक्षाघातानंतर वाचन हरवलेल्या माणसांबरोबर. तिथे ही अक्षरं मलाही पस्तिशीत, वही घेऊन गिरवत शिकावी लागली. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी ‘चित्रलिपी’ हा शब्द बाजूला ठेवू. मराठीत तो इतका रुळला आहे की चिनी माणूस चित्र बघून अर्थ ओळखतो असंच आपल्याला वाटतं. खरी चित्रं या लिपीत मूठभर आहेत. साधारण ऐंशी टक्के अक्षरं दोन तुकड्यांची असतात: एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. ‘आई’ या अर्थाचं ‘मा’ घ्या. डावीकडे ‘स्त्री’, उजवीकडे ‘घोडा’. आईचा घोड्याशी संबंध एवढाच, की घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, फक्त सूर वेगळा. किंवा ‘छिंग’ या उच्चाराचा तुकडा बघा. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब आले की ‘नितळ’, सूर्य आला की ‘निरभ्र’, हृदय आलं की ‘भावना’, बोलण्याची खूण आली की ‘विनंती’. चारही अक्षरांचा उच्चार छिंग, सुरांचा काय तो फरक. हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण मेंदूही या अक्षरांकडे असंच तुकड्यातुकड्यांनी बघतो.

उजव्या मेंदूची गोष्ट कुठून आली तेही सांगते. १९७० च्या दशकात प्रयोग झाले. पडद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे क्षणभर अक्षर चमकवायचं आणि कोणत्या बाजूचं लवकर ओळखलं जातं ते पाहायचं. डावीकडे दिसलेलं आधी उजव्या मेंदूत पोचतं, उजवीकडचं डाव्यात. चिनी अक्षर एकेकटं दाखवलं तर डावीकडचं बरं ओळखता येई. झालं, ‘चिनी लोक उजव्या मेंदूनं वाचतात’ हे जगभर पसरलं. पण मानसशास्त्रज्ञ ओव्हिड त्सेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये जो निबंध छापला, त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी वाचलाच नाही म्हणायचं. दोन अक्षरांचा शब्द दाखवला की पारडं उलटं फिरतं आणि उजवी बाजू, म्हणजे डावा मेंदू, पुढे जातो. आजच्या चिनी भाषेतले बहुतेक शब्द दोन अक्षरांचेच आहेत. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. चिनी भाषेचं वाचनही प्रामुख्यानं डाव्या मेंदूचंच काम आहे.

मेंदूत वाचनाचा उंबरठा म्हणावा अशी एक जागा आहे. डाव्या मेंदूच्या तळाशी, कानाच्या मागच्या अंगाला. तिथे इजा झाली की माणूस बोलतो, ऐकतो, लिहितोसुद्धा, पण स्वतः लिहिलेलं वाचू शकत नाही. देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ मध्ये असा रुग्ण तपशिलात वर्णन केला. पुढे लोराँ कोएन आणि स्तानिस्लास दहेन यांनी एफएमआरआयच्या, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूच्या चित्रणाच्या साह्यानं ती जागा नेमकी केली. आपण तिला शब्दरूप-क्षेत्र म्हणू. फ्रेंच, हिब्रू, देवनागरी, चिनी, कोणतीही लिपी असो, वाचता येऊ लागलं की हा उंबरठा ओलांडावाच लागतो. २०१५ मध्ये स्पॅनिश, इंग्रजी, हिब्रू आणि चिनी अशा चार भाषांच्या वाचकांची तुलना झाली. लिप्या इतक्या भिन्न असूनही वाचलेलं आणि ऐकलेलं जिथे एकत्र येतं ते जाळं चारही गटांत बरंचसं सारखं निघालं.

मग फरक काहीच नाही का? आहे. चिनी वाचताना या क्षेत्राचा उजवीकडचा जोडीदारही जास्त कामाला लागतो. अक्षराच्या चौकोनात कोणता तुकडा कुठे बसला आहे, ही जुळणी बघण्याचं काम त्याच्याकडे येत असावं. २०२३ मध्ये अतिशय बारीक चित्रण करणाऱ्या ७ टेस्लाच्या यंत्रावर एक सुंदर प्रयोग झाला. इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा वाचणाऱ्यांच्या शब्दरूप-क्षेत्रात दोन भाषांचे वेगळे कप्पे सापडले नाहीत. इंग्रजी आणि चिनी वाचणाऱ्यांमध्ये मात्र काही ठिपके असे दिसले जे चिनी अक्षरांनाच जास्त प्रतिसाद देतात, आणि तेच ठिपके माणसांच्या चेहऱ्यांनाही प्रतिसाद देतात.

हे वाचून कुणालाही वाटेल की चिनी माणूस अक्षर चेहऱ्यासारखं एकगठ्ठा ओळखतो. इथेच गंमत आहे. हाँगकाँगच्या जॅनेट श्याओ यांनी २००९ मध्ये गॅरिसन कॉट्रेल यांच्याबरोबर उलटंच दाखवलं. अक्षर एकगठ्ठा बघतो तो चिनी न येणारा. जाणकार वाचक त्याचे भाग सुटे करून बघतो. नवख्याला ते रेघांचं जंगल दिसतं, जाणकाराला ‘डावीकडे पाणी, उजवीकडे छिंग’ दिसतं. चिनी माणसं आपलं आडनाव कसं सांगतात ते ऐका. ‘मी ली, लाकूड-मूल ली.’ ‘मी चांग, धनुष्य-लांब चांग.’ ‘मी छन, कान-पूर्व छन.’ अनोळखी माणसाला फोनवर आडनाव कळवायचं तर ते तुकडे पाडूनच कळवतात.

आणि हे तुकडे पाडणं डोळ्यांना शिकवतो तो हात. श्याओ यांच्याच गटानं २०१४ मध्ये आणखी एक निरीक्षण मांडलं. चिनी वाचता येतं पण हातानं फारसं लिहिता येत नाही, असे बरेच लोक आहेत. ते वाचतात बरे, पण अक्षराकडे बघण्याची त्यांची पद्धत नवख्यांपेक्षाही जास्त एकगठ्ठा असते. सुटे भाग दिसायला लागतात ते लिहिण्याच्या सरावानं.

आता हाँगकाँगमधला एक प्रसंग. पक्षाघात झालेले एक आजोबा, आयुष्यभर हिशेबनीस. बोलणं ठीक, लिहिणं ठीक, वाचन गेलेलं. नातीनं शुभेच्छापत्र पाठवलं होतं, वर मोठ्या अक्षरांत दोनच अक्षरं. आजोबा पत्राकडे बघत बसले, मान हलवली. मग त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवर फिरू लागली. कार्डावरच्या रेघा ते डोळ्यांनी एकेक करून उचलत होते आणि बोटानं मांडीवर, शाळेत शिकवलेल्या क्रमानं, काढत होते. पहिलं अक्षर सहा रेघांचं, लवकर झालं. दुसऱ्याच्या सतरा रेघा: आधी ‘बोलणं’, मग ‘शरीर’, मग ‘इंच’. शेवटचा ठिपका टेकवला आणि ते म्हणाले, ‘तो-चे!’ कँटोनीजमध्ये ‘आभार’. डोळ्यांचा रस्ता बंद होता, पण हातानं दुसऱ्या दारानं अक्षर आत नेलं. ही वाट चिनी आणि जपानी रुग्णांमध्ये वारंवार दिसते. जपानमध्ये निरोगी माणसंही एखादं अक्षर आठवताना हवेत बोट फिरवतात, आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर १९८० च्या दशकापासून संशोधन केलं आहे.

या हाताच्या वाटेला मेंदूत जागाही आहे. डाव्या कपाळामागे, हाताच्या हालचालींचं नियोजन करणाऱ्या भागाला लागून, एक मधला पट्टा आहे. चिनी वाचताना तो ठळकपणे उजळतो. लि-हाय तान आणि वाय-तिंग स्योक यांच्या गटानं २००४ मध्ये बीजिंगमधल्या वाचन-अक्षमता असलेल्या मुलांमध्ये नेमका हाच पट्टा मंद आढळल्याचं ‘नेचर’मध्ये लिहिलं. इंग्रजीत अशा मुलांमध्ये दोष सापडतो तो बहुधा आणखी मागे, ध्वनी आणि अक्षरं जोडणाऱ्या भागात. वर्षभरानं याच गटानं दाखवलं की चिनी मुलांचं वाचन त्यांच्या अक्षरं लिहिण्याच्या क्षमतेशी घट्ट बांधलेलं आहे.

ही दोन टोकं म्हणून घेऊ नका, तसं घेणं चुकीचं ठरेल. २०१० मध्ये चिनी आणि इंग्रजी मुलांना एकाच प्रयोगात बसवल्यावर वाचन-अक्षमतेच्या खुणा दोघांत बऱ्याच समान दिसल्या. २०१२ मध्ये फ्रेंच आणि चिनी वाचकांवर झालेल्या प्रयोगात हाताचं क्षेत्र फ्रेंच वाचकांतही जागं झालेलं आढळलं. माझं मत असं, की डोळ्याची वाट आणि हाताची वाट प्रत्येक वाचकाकडे असते. लिपी आणि शाळा मिळून ठरवतात की भार कोणत्या वाटेवर किती टाकायचा. चिनी लिपीत हाताच्या वाट्याला मोठा भार येतो.

आवाजाचं काय? तोही सुटत नाही. रंगांचा एक प्रसिद्ध खेळ आहे: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा, वाचणारा अडखळतो. चिनी भाषेत ‘लाल’ म्हणजे ‘हुंग’, आणि ‘पूर’ या अर्थाचं एक वेगळंच अक्षरही ‘हुंग’. पुराचं अक्षर दुसऱ्या रंगात दाखवलं तरी लोक अडखळतात. २००० मध्ये हाँगकाँगमध्ये झालेला हा प्रयोग मला फार आवडतो. पुराचा लाल रंगाशी काही संबंध नाही, दोघांत फक्त आवाज सामायिक. म्हणजे अक्षर बघताक्षणी आवाज आपोआप उमटतो. ‘चिनी माणूस आवाजाशिवाय थेट अर्थ वाचतो’ हा समजही इथेच संपतो.

आता पिनयिन आणि बोपोमोफो. चीनमध्ये १९५८ पासून मुलं पहिलीत आधी पिनयिन शिकतात. तैवानमध्ये पहिल्या दहा आठवड्यांत बोपोमोफोची ३७ चिन्हं शिकवतात. ही पद्धत १९१८ मध्ये चीनमध्येच सरकारी मान्यतेनं सुरू झाली होती. हाँगकाँगमध्ये यातलं काहीच नाही. तीन वर्षांचं मूल बालवाडीत सरळ अक्षर बघतं, बाईंच्या मागून म्हणतं, गिरवतं. अक्षरांचं कूळ एकच, पण तीन शाळा मेंदूला तीन सवयी लावतात. १९८६ मध्ये चीनमधल्या प्रौढांवर एक अभ्यास छापून आला. ज्यांना फक्त अक्षरं येत होती त्यांना बोललेल्या शब्दातला एखादा व्यंजन-ध्वनी काढा किंवा जोडा म्हटलं की जमेना. ज्यांनी पिनयिनही शिकलं होतं त्यांना सहज जमलं. म्हणजे शब्दाचे सुटे ध्वनी ऐकू येणं ही निसर्गाची देणगी नाही, ती ध्वनिलिपीची देणगी आहे. आपण ‘क ला काना का’ म्हणत मोठे झालो, म्हणून ते आपल्याला उपजत वाटतं.

मेंदूच्या चित्रणातही फरक दिसतो. त्याच माणसाला तोच शब्द एकदा पिनयिनमध्ये आणि एकदा अक्षरांत वाचायला दिला, तर पिनयिनला ध्वनी जुळवणारे वरच्या बाजूचे भाग जास्त राबतात, अक्षरांना तळाचे, आकार ओळखणारे. जपानमधल्या डॉक्टरांनी हे रुग्णांमध्ये पूर्वीपासून पाहिलं आहे. तिथे चिनी उगमाची कांजी आणि ध्वनी लिहिणारी काना एकाच वाक्यात शेजारी असतात, आणि मेंदूला इजा कुठे झाली त्यावर कधी कांजी जास्त बिघडते, कधी काना.

सिंचूला निघालेल्या मित्रा, तुझ्यासाठी यातून एक इशारा निघतो. २०१३ मध्ये तान यांच्या गटानं चीनमधल्या शाळकरी मुलांची पाहणी केली. पिनयिननं टाइप करण्यात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांचं अक्षरवाचन कच्चं आढळलं, हातानं लिहिणाऱ्यांचं बरं. अशा पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही हे मान्य. पण चीनमध्ये शिकलेली मोठी माणसंही आज पेन उचलतात आणि रोजचं अक्षर विसरतात, इतकी की या अनुभवाला ‘लेखणी उचलली, अक्षर विसरलं’ अशी चार अक्षरांची म्हणच आहे. पिनयिननं टाइप करताना हात आवाज लिहितो आणि डोळा यादीतून निवडतो. अक्षराचे तुकडे कुणीच जोडत नाही.

आता दोन लिपींचा प्रश्न. सरलीकरणाचा आराखडा १९५६ मध्ये आला, १९६४ च्या यादीत २,२०० हून अधिक अक्षरं होती. १९७७ मध्ये आणखी एक फेरी काढली होती, ती लोकांच्या पचनी पडली नाही आणि १९८६ मध्ये मागे घेतली. सरलीकृत अक्षरं कुणी हवेतून आणलेली नाहीत. अनेक रूपं लपेटीच्या हस्ताक्षरात किंवा बाजारातल्या लिखाणात शतकानुशतकं चालत होती. मोडी आणि बाळबोध यांची आठवण येईल. हात भराभर चालला की अक्षर स्वतःच वळणं घेतं.

रेघा कमी म्हणजे मेंदूला सोपं, हे गणित अर्धंच खरं आहे. लिहायला सोपं, यात शंका नाही. ‘ऐकणं’ या अक्षराच्या बावीस रेघांच्या सात झाल्या. पण बावीस रेघांत डावीकडे कान होता आणि उजवीकडे तळाशी हृदय. सातमध्ये तोंड आणि कुऱ्हाड उरली. वाचणाऱ्याला ज्या खुणा आधार देत होत्या त्या गेल्या. सगळ्यात जास्त मला खटकतो तो दोन रेघांचा ‘यौ’ हा तुकडा. ‘हान’ (चिनी लोकांचं नाव), ‘जोडी’, ‘आनंद’, ‘कठीण’, ‘कोंबडी’, ‘नाटक’, इतक्या अक्षरांतले वेगवेगळे गुंतागुंतीचे भाग काढून तिथे हा एकच तुकडा बसवला. तो ना उच्चार सांगतो ना अर्थ. उलट काही ठिकाणी सरलीकरणानं भलं केलं. ‘घड्याळ’ या अक्षरात आता ‘चुंग’ हा सोपा, ओळखीचा ध्वनितुकडा आहे, आणि अक्षराचा उच्चारही चुंगच.

रेघा कमी झाल्या की अक्षरं एकमेकांसारखी दिसू लागतात, मग डोळ्याला बारकावे जास्त टिपावे लागतात. २००५ मध्ये हाँगकाँग आणि चीनमधल्या बालवाडीतल्या मुलांची तुलना झाली, त्यात सरलीकृत लिपी शिकणाऱ्या मुलांची दृश्य कौशल्यं वरचढ आढळली. दोन्हीकडच्या शाळाच वेगळ्या असल्यामुळे सगळं श्रेय लिपीला द्यायला मी तयार नाही. एक लिपी मेंदूला हलकी आणि दुसरी जड, असा निकाल मला तरी देता येत नाही. पारंपरिक अक्षर लिहायला महाग, पण स्वतःबद्दल जास्त सांगतं. सरलीकृत अक्षर स्वस्त, आणि थोडं अबोल.

पहिलीत बसावं लागणार नाही. अनेक अक्षरं दोन्हीकडे तंतोतंत एक आहेत आणि उरलेल्यांतला मोठा भाग नियमानं बदलतो. ‘बोलणं’, ‘धातू’, ‘घोडा’, ‘अन्न’, ‘दार’ अशा वीसेक तुकड्यांची जुनी रूपं बसली की शेकडो अक्षरं आपोआप उलगडतात. तुकडे बघायची सवय मेंदूला लागलेली असेल तर वाचनाला महिना-दोन महिने पुरावेत. अडचण येते ती सरलीकरणात दोन-दोन अक्षरं एकात विलीन झाली तिथे. तू शिकलास त्यात ‘चेहरा’ आणि ‘नूडल्स’ एकच अक्षर, नऊ रेघांचं. सिंचूत नूडल्सच्या दुकानावर त्याच चेहऱ्याच्या डावीकडे गहू उभा असेल, एकूण वीस रेघा. ‘केस’ आणि ‘बाहेर पडणं’, ‘राणी’ आणि ‘नंतर’, यांचीही तीच गत. अशा जोड्यांची वेगळी वही कर, त्या नियमानं येत नाहीत.

बोपोमोफो दोन शनिवार-रविवारांत येईल. ते शिकच, कारण तिथल्या मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे बारीक बोपोमोफो छापलेलं असतं. १९४८ पासून निघणारं मुलांचं एक दैनिक, ‘क्वोयू र-पाव’, असंच छापतात, आणि प्रौढ नवशिक्याला त्याच्यासारखा सोबती नाही. शिवाय ‘क्यू’, ‘एक्स’, ‘सी’ ही रोमन अक्षरं बघून आपली जीभ इंग्रजी वळण घेते, तो त्रास वाचतो.

आणि रोज दहा अक्षरं हातानं लिही. बघून गिरवू नकोस. अक्षर बघ, पान उलट, आठवून लिही, मग ताडून बघ. चुकलेल्या तुकड्यावर खूण कर, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू कर. वही नसेल तर मांडीवर बोटानं चालेल. सुरुवात ‘ऐकणं’पासून कर: आधी कान, शेवटी हृदय, बावीस रेघा.